यकृतात अंडाशयाची ऊती!

बाईच्या यकृतात गाठ वाढते आणि त्या गाठीच्या भिंतीत सापडते अंडाशयासारखी ऊती! हे मी पहिल्यांदा वाचलं ते मावशीच्या गाठीच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे. स्टाफरूममध्ये सांगून झालं, बारावीच्या वर्गात सांगून झालं, बाजारात भेटलेल्या माजी विद्यार्थिनीला मेथीची जुडी हातात धरून सांगून झालं. आता लिहून सांगते, कारण तोंडी सांगताना माझी वाक्यं एकमेकांवर चढतात आणि ऐकणाऱ्याच्या पदरात अर्धीच गोष्ट पडते.

मी पुसदला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. यकृत हा माझा दरवर्षीचा धडा. शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, मोठ्या माणसात वजन दीड किलोच्या आतबाहेर, पित्त बनवते, साखर साठवते, विषारी पदार्थ निष्प्रभ करते. फळ्यावर रंगीत खडूंनी मी ते हौसेनं काढते. त्या आकृतीच्या पोटात एवढं मोठं जग आहे हे मात्र मला यंदा कळलं, तेही घरच्या माणसाच्या आजारपणातून.

मावशी पुसद तालुक्यातच राहते. पन्नाशीच्या अलीकडची, निंदण-वेचणीत कुणाला मागे न ठेवणारी. गेलं वर्षभर ती म्हणायची, "मले जेवलंच जात नाही व. दोन घास खाल्ले का पोट टच्च होते." घरातल्या सगळ्यांनी ते पित्तावर ढकललं. मेडिकलमधून आणलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, ओवा, सोडा, सगळं झालं. मग एक दिवस साडी नेसताना बरगडीखाली तिच्याच हाताला फुगवटा लागला. दुखत नव्हतं, कावीळ नव्हती, ताप नव्हता. पुसदलाच सोनोग्राफी केली.

त्या सोनोग्राफीपासून माझं वेड सुरू झालं. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मी काय शिकवते ते ऐकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं, कारण आवाजाच्या लहरी पाण्यातून न अडखळता पार जातात, परत फिरायला त्यांना काही सापडतच नाही. साधी सिस्ट असेल तर एकसंध काळा गोल, पातळ भिंत आणि तिच्या मागचा भाग उजळ. यकृतातल्या अशा साध्या सिस्ट काही दुर्मीळ नाहीत. वेगवेगळ्या पाहण्यांत अडीच ते अठरा टक्के लोकांत त्या आढळल्या आहेत, वयाबरोबर वाढतात, बायकांत जास्त, आणि बहुतेकींना जन्मभर पत्ताही लागत नाही. त्यांना हात लावायची गरज नसते. मावशीच्या यकृतात मात्र अकरा सेंटिमीटरचा काळा गोल होता आणि त्याच्या आत पांढऱ्या रेघा! आडव्या, तिरप्या, एकमेकींना भेटणाऱ्या. सोललेलं संत्रं मधोमध कापावं आणि फोडींच्या मधले पापुद्रे दिसावेत, अगदी तसं. मॅडम म्हणाल्या, "हे पडदे आहेत ना, सगळा प्रश्न यांचाच आहे."

सगळा प्रश्न खरोखरच त्या पडद्यांचा निघाला.

आमच्या भागात यकृतात पडदेवाली सिस्ट दिसली की डॉक्टरांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते हायडॅटिडचं. ते यायलाच हवं. शेळ्या-मेंढ्या, कुत्री आणि माणसं एकाच अंगणात वावरतात तिथं या परजीवीचं चक्र फिरत राहतं. जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा हा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावरून मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात पाण्याच्या पिशव्या होतात. मेंढी कापल्यावर टाकून दिलेलं यकृत कुत्र्यानं खाल्लं की चक्र पूर्ण. माणूस मध्येच सापडतो, न धुतलेल्या हातातून किंवा भाजीतून. (कुत्र्यांना जंताचं औषध द्या आणि कापलेल्या जनावराचे अवयव उघड्यावर टाकू नका, हे मी आता वर्गात ओरडून सांगते.) हायडॅटिडच्या पिशवीत पिल्लं-पिशव्या तयार होतात आणि सोनोग्राफीत त्यांच्या भिंती हुबेहूब पडद्यांसारख्या दिसतात. ट्युनिशियाच्या हसन घारबी यांनी १९८१ मध्ये सोनोग्राफीवरून हायडॅटिडचे पाच प्रकार लावून दिले. त्यातला तिसरा प्रकार म्हणजे हाच, अनेक कप्प्यांचा. म्हणजे जगभरच्या डॉक्टरांना चकवणारा सोंगाड्या आमच्या गोठ्याशेजारीच बसलेला आहे!

मावशीची हायडॅटिडची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. मी हुश्श केलं, पण मॅडमनी लगेच सांगितलं की ही तपासणी खऱ्या हायडॅटिडमध्येही कधी कधी निगेटिव्ह येते, तेव्हा एवढ्यावर थांबायचं नाही. मग सीटी, मग एमआरआय. त्यासाठी यवतमाळ गाठलं. तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून सुरू आहे आणि त्याला नाव आहे वसंतराव नाईकांचं, जे आमच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्या पाटीवरून जाताना मावशीनं हात जोडले.

सीटीबद्दल मला एक गोष्ट सापडली ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, आणि हे माप ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड. त्यांच्या यंत्रानं जिवंत माणसाचा पहिला स्कॅन झाला १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये. पेशंट एक बाई होती, मेंदूत गाठ असल्याचा संशय होता, आणि त्या पहिल्यावहिल्या चित्रात काय दिसलं? एक काळी गोल सिस्ट! सीटीचा इतिहासच सिस्टवाल्या गाठीपासून सुरू होतो. ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत हाउन्सफील्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

सीटीत मावशीच्या गाठीतलं पाणी शून्याच्या जरा वर होतं आणि शिरेतून औषध सोडल्यावर पडदे उजळले. पडदे उजळले म्हणजे पडद्यात रक्त फिरतंय. म्हणजे ते पडदे जिवंत आहेत! एमआरआयनं आणखी पुढची गोष्ट दाखवली. कप्पे एका रंगाचे नव्हते, एक पांढराशुभ्र तर शेजारचा करडा, कारण प्रत्येकातला द्रव वेगळा, कुठे पातळ, कुठे चिकट श्लेष्मा, कुठे जुनं रक्त मिसळलेलं. त्याच तपासणीत पित्तनलिकांचं अख्खं झाड दिसलं, एकही सुई न टोचता, कारण संथ द्रव एमआरआयमध्ये आपणहून उजळतो. डावी पित्तनलिका गाठीनं बाजूला ढकलली होती आणि तिच्या मागच्या फांद्या किंचित फुगल्या होत्या.

आता रिपोर्टमध्ये संशयित गाठीचं नाव आलं. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम. जुन्या पुस्तकांत हिलाच बिलिअरी सिस्टॲडिनोमा म्हणायचे. यकृतातल्या सगळ्या सिस्टमध्ये हिचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. जवळजवळ नेहमी बायकांत, तेही चाळिशी-पन्नाशीच्या आसपास, आणि बहुतेक वेळा यकृताच्या चौथ्या खंडात (खंडांची गोष्ट पुढे येते) किंवा डाव्या बाजूला. मावशी या वर्णनात इतकी तंतोतंत बसत होती की मला तिच्या शेजारी बसून वाचताना काटा आला.

मी वाचतच सुटले. युरोपच्या यकृत संघटनेनं २०२२ मध्ये यकृताच्या सिस्टबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खुणांचे दोन गट केले आहेत. जाड पडदे आणि भिंतीवरच्या गाठुळ्या या मोठ्या खुणा. छोट्या खुणा म्हणजे गाठीच्या मागच्या पित्तनलिका फुगणं, पातळ पडदे, आत रक्तस्राव, आसपासच्या यकृतात रक्तपुरवठा बदललेला दिसणं, आणि यकृतात एकूण सिस्टच तीनपेक्षा कमी असणं. मोठ्यांतली एक आणि छोट्यांतली एक जमली की या गाठीचा संशय धरायचा. शेवटची खूण वाचून मी थबकले. ज्या बाईच्या यकृतात दहा-वीस सिस्ट आहेत तिच्यापेक्षा जिच्या यकृतात एकटीच मोठी सिस्ट आहे तिच्याकडे जास्त बारकाईनं बघायचं! आपण सगळे उलट समजतो. "एकच आहे ना, मग काही नाही," असं मावशीला गावात किती जणींनी सांगितलं असेल.

माझ्या मनात आलं, एवढं कशाला, सुई घालून थोडं पाणी काढा, तपासा, कळेल. नागपूरला ज्या सर्जनना दाखवलं त्यांनी ठाम नकार दिला. एक तर हायडॅटिडची शंका पुरती फिटलेली नसेल आणि पूर्वतयारी न करता सुई घातली, तर पिशवीतलं पाणी पोटात सांडून जिवावर बेतणारी ॲलर्जी उसळू शकते, शिवाय परजीवीचं बी पोटभर पेरलं जातं. आणि ही दुसरी गाठ असेल तर तिच्या पेशी सुईच्या वाटेवर सांडायची भीती. बरं, इतकं करून उत्तर मिळतं का? भिंतीतला बदल एका कोपऱ्यात असतो आणि सुई जाते दुसऱ्या कोपऱ्यात. पाण्यातले आणि रक्तातले कॅन्सरचे नेहमीचे मार्कर साध्या सिस्टमध्येही चढलेले असू शकतात. म्हणून चित्रावरून संशय पक्का झाला, की अख्खी गाठ न फोडता काढायची, आणि खरं निदान तिला काढल्यावर टेबलावर करायचं. निदान आणि उपचार एकाच घावात!

इथंच साध्या सिस्टशी हिचा रस्ता वेगळा होतो आणि माझ्या मते सगळ्या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं हेच आहे. साधी सिस्ट त्रास द्यायला लागली तर दुर्बिणीतून तिचं वरचं छप्पर कापून टाकतात, पाणी पोटात वाहून जातं, शोषलं जातं, काम झालं. हीच छप्पर काढण्याची पद्धत या गाठीला केली, तर उरलेल्या भिंतीपासून ती पुन्हा वाढते. आणि तिच्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. तीच वरवर दिसणारी पाण्याची पिशवी, पण एकीला अर्धी ठेवून चालतं आणि दुसरीचा कणही मागे ठेवायचा नाही. फरक कुठे? त्या पडद्यांत आणि भिंतीत, मिलिमीटरांच्या हिशोबात.

यकृत कापायचं म्हणजे काय, हे सर्जननी माझ्यासाठी रिपोर्टच्या पाकिटावर पेननं काढून दाखवलं, आणि मी ते पाकीट जपून ठेवलं आहे. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं, हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास चौथा हिस्सा. त्यातलं तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, बाकीचं धमनीतून. अशा अवयवाला सुरी लावायची हिंमत माणसानं केव्हा केली? बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी, ज्यांनी पित्ताशय काढण्याचं जगातलं पहिलं ऑपरेशन १८८२ मध्ये केलं होतं, त्यानंतर काही वर्षांनी एका बाईच्या यकृताचा डावा भाग ठरवून कापला. काही तासांत आत रक्तस्राव सुरू झाला, पोट पुन्हा उघडावं लागलं, बाई वाचली. आणि आमच्या गाठीचं काय? तिची पहिली नोंद हुएटर यांनी १८८७ मध्ये केली, आणि ती कापून काढल्याचं पहिलं वर्णन १८९२ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम कीन यांनी छापलं. याच कीन यांनी १८९९ मध्ये जगभरातल्या यकृत कापण्याच्या शहात्तर ऑपरेशनांचा तक्ता केला. म्हणजे मावशीच्या गाठीची जातभाई यकृताच्या शस्त्रक्रियेच्या अगदी पहिल्या पानावर आहे!

त्या काळच्या सर्जनना यकृताचा नकाशाच चुकीचा माहीत होता. बाहेरून जी खाच दिसते तीच डाव्या-उजव्याची सीमा, असं सगळे मानायचे. मीही फळ्यावर तीच रेघ मारत आले, पाठ्यपुस्तकात तीच आहे. पण हाँगकाँगमध्ये काम केलेल्या जेम्स कँटली यांनी १८९७ मध्ये दाखवलं की रक्तवाहिन्यांच्या हिशोबानं खरी सीमा पित्ताशयाच्या खोबणीतून मागच्या महाशिरेकडे जाते, बाहेर तिची काही खूण नसते. (हेच कँटली चिनी क्रांतिकारक सन यत्-सेन यांचे गुरू. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत सन यांना कोंडलं तेव्हा धावाधाव करून त्यांना सोडवणारेही हेच. आधुनिक चीनच्या जन्माची आणि यकृताच्या नकाशाची गाठ एका माणसात पडते!) पुढे फ्रान्सच्या क्लोद कुइनो यांनी प्रेतांच्या यकृतांतल्या वाहिन्यांमध्ये प्लास्टिक भरून, मांस विरघळवून, आतली रंगीत झाडं उभी केली आणि १९५७ च्या ग्रंथात यकृताचे आठ खंड मांडले. प्रत्येक खंडाला स्वतःचा रक्तपुरवठा, स्वतःची पित्तनलिका. म्हणून एक खंड काढला तरी शेजारचा जगतो. आज पुसदच्या सोनोग्राफी रिपोर्टात "खंड चार" असं लिहिलं जातं, त्यामागे हा माणूस आहे.

मावशीचे दुसरा, तिसरा आणि चौथा खंड काढायचे ठरले. म्हणजे कँटलीच्या रेघेवरून कापायचं, सोबत पित्ताशयही. डावी पित्तनलिका गाठीला इतकी लागून होती की नुसती गाठ सोलून काढणं जोखमीचं होतं. ज्यांची गाठ मोकळी असते त्यांची ती सोलूनही निघते.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय झालं ते सर्जननी नंतर मला बसवून सांगितलं आणि मी अधाशासारखी ऐकत राहिले. आधी उघड्या यकृतावरच सोनोग्राफीचा छोटा प्रोब ठेवून गाठ, शिरा आणि नलिका पुन्हा नीट पाहिल्या. मग प्रिंगलची युक्ती. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये लिहून ठेवलं होतं की यकृताकडे जाणारी सगळी वाहतूक एका दोरखंडासारख्या पट्ट्यातून जाते, तो बोटांत धरून दाबला की रक्त थांबतं. सव्वाशे वर्षं होत आली, आजही तेच करतात. पंधरा मिनिटं दाबायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा दाबायचं, म्हणजे यकृताचा श्वास कोंडत नाही. तिकडे भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात, सलाईन हात आखडून देतात, जेणेकरून यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांतून उलटं रक्त येऊ नये. सर्जन कापतो ते आपण बघतो, पण अर्धं रक्त भूलतज्ज्ञ वाचवतो!

आणि कापलं कशानं? आवाजानं! सेकंदाला तेवीस हजार वेळा थरथरणारं एक टोक यकृतावर फिरवलं की पाण्यानं भरलेल्या यकृतपेशी फुटून शोषल्या जातात, पण शिरा आणि नलिका चिवट तंतूंच्या असल्यामुळे तशाच उभ्या राहतात. मग एकेक शीर बघून, क्लिप लावून, तोडायची. ज्या जातीच्या लहरींनी पुसदला गाठ दाखवली त्याच जातीच्या लहरींनी नागपूरला ती सोडवली. भौतिकशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी ध्वनीच्या धड्यात ते उदाहरण घेतलं.

गाठ न फुटता बाहेर आली. सर्जननी कापलेल्या कडेवर पांढरं कापड दाबून धरलं आणि कुठे पिवळा डाग उमटतो का ते पाहिलं, कारण पित्त गळत असेल तर तिथेच कळतं. गाठीचा फोटो मी पाहिला. कापल्यावर आत चकाकणारे कप्पे, कशात गढूळ चिकट द्रव, कशात चॉकलेटी, आणि मधून तेच पडदे जे मी स्क्रीनवर पाहिले होते.

मग तो रिपोर्ट आला.

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीला दोन थर असतात. आतून श्लेष्मा बनवणाऱ्या उभ्या पेशींची एक ओळ. आणि तिच्याखाली दाटीवाटीनं बसलेल्या, तर्कूच्या आकाराच्या पेशींचा गालिचा, जो दिसायला थेट अंडाशयाच्या आधारऊतीसारखा. ह्यू एडमंडसन यांनी १९५८ मध्ये हे साम्य लिहून ठेवलं. ते साम्य दिसण्यापुरतं नाही. या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ओळखणारे ग्राहक असतात. मावशीच्या स्लाइडवर दोन्ही पॉझिटिव्ह! यकृताच्या मधोमध बसून या पेशी बाईच्या संप्रेरकांकडे कान लावून आहेत. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं नियमच केला की ही ऊती दिसली तरच हे निदान द्यायचं. ती नसेल आणि गाठ पित्तनलिकेच्या आत उगवून तिच्याशी जोडलेली असेल तर तो वेगळा आजार, वेगळं नाव.

पण ती तिथं आली कशी? इथं मी रात्री जागून वाचलं आणि उत्तर सापडलं तेव्हा घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत पुढे अंडाशय होणारा अवयव खाली ओटीपोटात नसतो. तो वर, पोटाच्या मागच्या भिंतीवर, वाढत्या यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या अगदी जवळ असतो. नंतर तो खाली उतरतो. शास्त्रज्ञांचं एक स्पष्टीकरण असं, की त्या शेजारपणाच्या काळात काही पेशी यकृतात मागे राहतात, आणि चाळीस वर्षांनी, संप्रेरकांच्या हाकेला ओ देत, आसपासच्या अस्तराला वाढायला लावतात. याला बळ देणारी गोष्ट ऐका. अगदी अशीच गाठ, अशाच ऊतीसह, स्वादुपिंडातही होते, तिथंही बायकांतच, आणि बहुतेक वेळा स्वादुपिंडाच्या शेपटीकडे. गर्भात डाव्या जननग्रंथीच्या जवळ काय असतं? स्वादुपिंडाची शेपटी!

मी वर्षानुवर्षं भ्रूणविकासाचा धडा आणि यकृताचा धडा वेगवेगळ्या महिन्यांत शिकवत आले. ते दोन्ही धडे मावशीच्या पोटात एकमेकांना भेटले होते.

आणि ही एकच आठवण यकृत जपत नाही. चौथ्या खंडातच आणखी एक दुर्मीळ सिस्ट सापडते, तिच्या आतल्या अस्तराला हलणारे केस असतात, अगदी श्वासनलिकेत असतात तसे, कारण गर्भातल्या ज्या नळीतून श्वसनमार्ग फुटतो तिचाच तो सुटलेला तुकडा. यकृतात श्वासनलिका! १८५७ पासून तिची नोंद आहे. मी तिच्यावर वेगळं लिहीन, इथं तिला जागा पुरायची नाही.

मावशीच्या रिपोर्टात कॅन्सर नव्हता. कडा मोकळ्या होत्या, म्हणजे गाठीचा कणही मागे राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला उठवून बसवलं, मग नळी निघाली, आठवड्याभरात सुट्टी झाली. यकृताचा जवळपास एक तृतीयांश भाग गेला होता आणि उरलेला वाढायला लागला होता. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून दाखवलं होतं की उरलेलं थोड्या दिवसांत मूळ वजनाला येतं. माणसात हे काम महिन्यांचं असतं, पण होतं. कापलेले खंड पुन्हा उगवत नाहीत, राहिलेलेच मोठे होतात. पुढच्या सोनोग्राफीत मॅडमनी मला ते मोजून दाखवलं आणि मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता जेवाले जागा झाली म्हणायची!" आणि खरंच, त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

खर्चाचं लोक विचारतात म्हणून सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१७ पर्यंत राजीव गांधींच्या नावानं चालायची, तिच्यात पोटाच्या अनेक मोठ्या शस्त्रक्रिया येतात. नागपूरला निघण्याआधी जवळच्या योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, रिपोर्ट आणि स्कॅनच्या सीडी एकाही ठिकाणी सोडू नका. सर्जन कागदावरचं वाचण्याआधी चित्र मागतो.

आणि आता तुम्हाला, विशेषतः पुसद, दिग्रस, उमरखेड, महागावच्या आयाबहिणींना. यकृतातल्या बहुतेक सिस्ट निरुपद्रवी असतात, रिपोर्टात सिस्ट शब्द दिसला म्हणून रडत बसू नका. पण वय चाळीस-पन्नाशीचं आहे, सिस्ट एकटी आणि मोठी आहे, आणि रिपोर्टात सेप्टा, सेप्टेशन (म्हणजे पडदे), नोड्युल (म्हणजे गाठुळी) यांपैकी एखादा शब्द आहे, तर कुणालाही तिच्यात सुई घालू देण्याआधी किंवा तिचं छप्पर काढू देण्याआधी एमआरआय करून घ्या आणि यकृताची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला दाखवा. दोन घासांत पोट भरायला लागलं तर वर्षभर ओवा खात बसू नका. सोनोग्राफी पुसदलाच होते.